एक नंबरची चकती

"एक नंबर श्यामसुंदर, दोन नंबर लवू," अण्णांनी चिठ्ठ्या उघडून सांगितलं. अण्णा क्लबाचे सेक्रेटरी. "धाकू, तू एक नंबरखाली बस. बापाने मुलाचं लक्ष्य सांभाळायचं नाही, नियम आहे. दोन नंबर काशीराम बघेल."

धाकूने मान डोलावली. एक नंबरच्या चटईवर चिंचेची गार सावली होती आणि दोन नंबरवर दुपारचं कलतं ऊन. चिठ्ठीसुद्धा पैसेवाल्याचीच बाजू घेते, असं मनात म्हणत त्याने खळीची वाटी, कागदाच्या टिकल्या आणि काठीला ठोकलेली पांढरी चकती उचलली.

मुलुंडच्या डोंगराखाली, बंद पडलेल्या खडीच्या खाणीत, रायफल क्लबाचं मैदान होतं. एका टोकाला नेमबाज, शंभर यार्डांवर लक्ष्यं, आणि लक्ष्यांखाली पुरुषभर खोल खड्डा. बार झाला की लक्ष्य खाली ओढायचं, भोक टिकलीने बुजवायचं, लक्ष्य वर चढवायचं आणि गोळी लागली तिथे चकती धरायची. तेवढ्या लांबून ते बारीक भोक कुणाला दिसणार? चकती पाहूनच नेमबाज रायफलीचा काटा फिरवून नेम उलट बाजूला सरकवायचा. अकरा वर्षं धाकू चकती धरत होता. अकरा वर्षांत ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

लवूला नेमबाजी त्यानेच शिकवली. हजार लोकांची भोकं बुजवलेल्या माणसाला कोण कुठे चुकतो ते बरोबर कळतं. "चाप ओढू नको, दाब. श्वास अर्धो सोड नि थांब. हात हललो तर रायफल खाली ठेव, परत पयल्यापासून. नि चकती सांगात ता खरा. तुझो डोळो फसात, खड्ड्यातलो माणूस फसवचो नाय."

दिल्लीच्या सामन्याला क्लबातून एकच जण जाणार होता. श्यामसुंदरला दिल्ली म्हणजे हौस. लवूला मात्र गिरणी सुटून आठ महिने झाले होते, आणि दिल्लीला गेलास तर पोलिसात घेतो, असं पोलिसातल्या साहेबांनी कबूल केलं होतं. त्याच्या आईने, शेवंतीने, जुन्या गोधडीचे तुकडे शिवून पोराच्या कोपरांना गाद्या करून दिल्या होत्या. श्यामसुंदरकडे जर्मन रायफल, चामड्याचा पट्टा, अस्तर भरलेला कोट. गेल्या वर्षी लवू त्याच्याकडून एका गुणाने हरला, तेव्हा श्यामसुंदर हसत म्हणाला होता, "काय धाकू, खड्ड्यातून वर येणं सोपं नाही रे!" सगळे हसले. धाकूही हसला होता. ते हसू वर्षभर त्याच्या घशात अडकून राहिलं होतं.

खड्ड्यात शिट्टी ऐकू आली. आधी अजमावणीचे तीन बार, त्यांना चकती. मग खरे दहा. त्यांना चकती नाही, कागद शेवटीच मोजायचा. म्हणजे काटा एकदा चुकला की दहाही वाया.

एक नंबरवर पहिला बार यायला बराच उशीर झाला.

"साहेब घाबरले वाटतं," धाकू म्हणाला.

बार झाला. त्याने लक्ष्य ओढलं. भोक अगदी मधोमध होतं. धाकू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने टिकली चिकटवली, लक्ष्य वर केलं आणि चकती उजव्या कडेला धरली.

अकरा वर्षांची अब्रू होती ती. पण पोटच्या पोरापुढे अब्रू काय चाटायची आहे?

पुन्हा तसाच उशीर, मग दुसरा बार. भोक डावीकडे सरकलं होतं. त्याने चकती पुन्हा उजवीकडे धरली. तिसरं भोक काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर, डावीकडे. धाकूने चकती ऐटीत मधोमध धरली आणि मनात म्हणाला, आता बसा बोंबलत.

खरे दहा बार झाले. लक्ष्य खाली आलं तेव्हा काशीरामही वाकून बघायला आला. दहाच्या दहा गोळ्या डावीकडे पांढऱ्यात, पण चवलीच्या नाण्याखाली झाकतील इतक्या एकाजागी.

"काय हात आसा रे!" काशीराम हळहळला. "दैव देता नि कर्म नेता."

"नेंवदे," धाकू म्हणाला. काशीरामच्या हातातला दोन नंबरचा कागद त्याने डोळे भरून पाहिला. काळ्याच्या बाहेर एकही भोक नव्हतं.

दोन्ही कागद घेऊन तो शंभर यार्ड चालत आला. आज घरी गेल्यावर शेवंतीला काय सांगायचं, ते शब्दसुद्धा त्याने जुळवले होते. लवू चिंचेच्या सावलीत बसून कोपरांच्या गाद्या सोडत होता. दमला असेल पोर, धाकूला वाटलं.

अण्णांनी कागद मोजले. "दोन नंबर, एक्याण्णव. एक नंबर, बासष्ट."

धाकू लवूकडे बघून हसला. लवू हसला नाही.

"धाकू, मला खरंच वाईट वाटतंय रे," श्यामसुंदर जवळ येऊन म्हणाला. त्याचा चेहरा उन्हाने लालबुंद झाला होता. "गेल्या वर्षी मी तुला नको ते बोललो. म्हणून म्हटलं, निदान ऊन तरी लवूच्या डोळ्यांवर नको. तू खड्ड्यात उतरल्यावर अण्णांना विचारून मीच त्याला माझी जागा दिली. नियम आड येत होता, पण अण्णा म्हणाले, धाकूची चकती खोटं बोलत नाही."

धाकूने अण्णांच्या हातातल्या एक नंबरच्या कागदाकडे पाहिलं.

"बाबा," लवू मान खाली घालून म्हणाला, "पहिला बार मला अगदी मधोमध वाटला होता. पण तुम्ही शिकवलंत तसंच केलं. डोळ्याचं ऐकलं नाही, चकतीचं ऐकलं."