आज बाबा चिऊ

"बाबा, आज तू चिऊ," दोन खुर्च्यांवर आईची साडी पसरून घर बांधताना माझी पाच वर्षांची लेक म्हणाली.

या खेळात मी आजवर कावळाच होतो. कामावरून आलो की साडीबाहेरून हाक मारायची, मायलेकी आत खुसखुसायच्या. गेल्या महिन्यात बायको वारली. बाईमाणसाशिवाय मुलगी कशी वाढणार, असं सगळे म्हणाले आणि मीही मान हलवली. थोड्या वेळात मेहुणी येऊन लेकीला कायमची सांगलीला नेणार होती. कपड्यांची पिशवी दाराशी भरून ठेवली होती.

मी वाकून साडीखाली शिरलो. लेक मांडीवर आडवी झाली.

"आता बाळाला पावडर लाव. अरे, इतकी नाही! मी काय पोळी आहे का पीठ लावायला? आता तीट. कपाळावर नाही रे, गालावर. आईला सगळं यायचं."

"मला शिकव."

मी काजळाच्या डबीत पुन्हा बोट घातलं, तेवढ्यात दार वाजलं.

"दाजी, उघडा. गाडी चुकेल."

लेकीने माझा शर्ट घट्ट धरला.

"थांब," मी आतूनच ओरडलो, "माझ्या बाळाला तीट लावतोय. बाळ कुठं जाणार नाही. ते इथंच राहील."

मग बाहेरून मेहुणीने हळूच हाक मारली.

"चिऊताई, चिऊताई, दार उघड."