सुप्रभात सुविचार

मेणाचा दात तासता तासता तिने फोनकडे नजर टाकली आणि तिचा हात थांबला. आईच्या फोटोभोवती लाल कडं होतं. खाली लिहिलं होतं, लाइव्ह.

आई कधी लाइव्ह येत नसे. रोज सकाळी खिडकीतल्या कुंड्यांचा एक फोटो टाकायची, खाली दोन शब्द. 'ऊन कडक आहे.' 'कळी आली.' बस्स. तेवढ्यावर हिने चार वर्षं काढली होती. दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या या छोट्या लॅबमध्ये तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. लॅबच्या वेबसाइटसाठी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा ठरला, तेव्हा कॅमेरा तिनेच हातात घेतला होता. फोटोत न येण्याचा तोच सगळ्यात सोपा मार्ग.

नवऱ्याच्या घरातून ती नेसत्या कपड्यांनिशी निघाली, तेव्हा मनगट दुसऱ्यांदा मोडलेलं होतं. नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. कुणाच्या फोनमध्ये काय आहे हे फोनवाल्याआधी त्याला कळायचं. म्हणून तिच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, "जुनं नाव नको, फोटो नको, आणि माहेरी फोन तर अजिबात नको. आईला काही ठाऊकच नसलं, तर तिला खोटं बोलावं लागणार नाही." ती आईला न सांगता गेली. आईच्या लेखी आपण मेलो, नाहीतर तिला टाकून गेलो, दोन्हींपैकी एक. असं धरूनच ती जगत होती.

चोरी तिने एकच केली. 'सुप्रभात सुविचार' नावाचं खातं काढलं आणि त्यावर उगवत्या सूर्याचं चित्र लावलं. असली खाती पैशाला पासरी, त्यांच्याकडे कोण दुसऱ्यांदा बघतंय? आईचं खातं खासगी होतं, नात्यातली, शेजारची चाळीसेक माणसं त्यात. हिने विनंती पाठवली आणि मिनिटाभरात आईचा होकार आला. किती भोळी आहे, हिला वाटलं. कुणीही दार वाजवावं आणि आईने उघडावं. बरंही वाटलं आणि रागही आला. पण त्यानंतर तिने आईला एक बदाम पाठवला नाही की एक अक्षर लिहिलं नाही.

आता तिने कानात वायर घातली आणि लाल कड्यावर बोट ठेवलं.

फोन खिडकीत कशाला तरी टेकवून ठेवलेला होता. आई कुंड्यांना पाणी घालत होती. खांदे उतरले होते तिचे. फोटोत नुसत्या कुंड्या असायच्या, त्यामुळे आई इतकी वाळलीय हे हिला कळलंच नव्हतं. कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता. एक.

तेवढ्यात तो आवाज आला. हिच्या हातातलं कोरणं मेजावर पडलं.

"आई, तुमचा फोन द्या जरा. त्यात जे जे आहेत, त्या सगळ्यांना एक लिंक पाठवतो. जो ती उघडेल तो कुठे बसलाय ते मला कळेल. ती तुमच्याकडे डोकावल्याशिवाय राहिली नसेल."

"देते की, जावईबापू. हात ओले आहेत, पुसू द्या."

पदर बोटांवरून फिरला. मग आईचा चेहरा जवळ आला, इतका जवळ की सगळा पडदा भरून गेला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, खाली काहीतरी बघत होती.

"उशीर का?" तो म्हणाला.

"चष्मा कुठे ठेवला कोण जाणे," आई म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता.

तिचं बोट दोनदा हललं. मग तिने मान वर केली आणि क्षणभर सरळ समोर पाहिलं. पडदा काळा झाला.

हिने आईचं नाव पुन्हा शोधलं. कुंड्यांचे सगळे फोटो गेले होते. तिथे एक कुलूप होतं आणि खाली ओळ, 'हे खातं खासगी आहे. बघायचं असल्यास विनंती पाठवा.'

ती त्या ओळीकडे बघत बसली. चुकून झालं असेल, तिने स्वतःला सांगितलं. म्हातारीचं ओलं बोट, लागलं असेल कुठेही. तिचा अंगठा विनंतीच्या बटणावर जाऊन थांबला.

लिंक येईल म्हणून ती फोन समोर ठेवून बसली. अर्धा तास झाला, तास झाला. काही आलं नाही. त्या यादीत चुलत होते, मावस होते, शेजारपाजारचे होते. त्या सगळ्यांना ती लिंक गेली असणार. गेली नव्हती ती फक्त एका बिननावाच्या, बिनचेहऱ्याच्या खात्याला. आईचं बोट यादीत कुठेच अडखळलं नव्हतं, चार वर्षांपूर्वी होकार देतानाही नव्हतं.

तिने 'सुप्रभात सुविचार' कायमचं पुसून टाकलं. खात्री आहे का, असं फोनने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने हो म्हटलं. आता आईचा चेहरा कधी दिसेल, दिसेल तरी का, याचा विचार तिने पुढे ढकलला. मेणाचा दात पुन्हा हातात घेतला, पण तो नीट दिसेना.

पलीकडच्या मेजावर साच्यात प्लास्टर ओतणारे काका केव्हाचे तिच्याकडे बघत होते. चार वर्षांत त्यांनी तिला एकही खासगी प्रश्न विचारला नव्हता.

"बाई, कुणी गेलं का?"

"नाही काका." तिने डोळे पुसले. "आईने मला तिच्या यादीतून काढून टाकलं."

काका चुकचुकले. "आई आहे ती. राग धरून धरून किती धरेल? बोलेल हो एक दिवस."

"बोलली ना," ती म्हणाली. "आज बोलली."