पाठ टेकली होती

सिकंदराबादचा अनिरुद्धच सगळ्यांचा बाप, असं बसवेशनं जाहीर केलं आणि टेबलावर मूठ आपटली. उमाशंकरला ते अजिबात मान्य नव्हतं. त्याच्या मते इंफाळचा तो ठेंगणाच खरा. अनिरुद्धला उंचीचा फायदा होता, बाकी काय?

जाळीच्या पिंजऱ्यातल्या मारामारीचे, एमएमएचे, आपल्याकडचे पहिले दिवस केव्हाच मागं पडले होते. त्या काळातला सर्वांत मोठा लढवय्या कोण, हा वाद उमरग्याच्या हायवेवरच्या त्या चहाच्या हॉटेलात रोज सकाळी जिम सुटली की सुरू व्हायचा. त्या काळी हे दोघं चड्डीत फिरत होते. पण बोलायचे असं, जणू पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावूनच बसले होते.

हॉटेल रेवणप्पाचं. शेगडीपुढं पाठमोरा उभा राहून तो आलं ठेचायचा आणि सगळं ऐकायचा. त्याचा एक कान मुडपून गेलेला होता, तालमीत वाढलेल्या माणसांचा असतो तसा. त्याबद्दल कधी कुणी विचारलं नव्हतं. चहावाल्याचा कान कोण बघतो?

त्या दिवशी गल्ल्यावर त्याची मुलगी अर्पिता बसली होती. लातूरच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग तिला राहवेना.

"तुमच्या त्या अनिरुद्धला आमच्या अप्पांनी चित केलंय," ती म्हणाली. "हैदराबादला. पिंजऱ्यात."

रेवणप्पाचा हात थांबला. ती एवढीशी होती तेव्हापासून तो तिला हेच सांगत आला होता. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त पुढचं सांगितलं नव्हतं.

बसवेश आधी नुसता हसला. मग त्यानं रेवणप्पाकडं बघितलं, त्याच्या कानाकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"आयला," तो म्हणाला, "पैलवान निघाले घरी!"

हे एका क्लिपचं नाव होतं. जिममधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ती होती. रेवणप्पा घाईघाईनं मध्ये पडला. जुनं आहे, राहू द्या, काय बघायचंय त्यात, आज चहा माझ्याकडून, असं काहीबाही बोलला. बसवेशनं चहा घेतला, आणि फोनही काढला. तो त्यानं अर्पिताच्या समोर धरला.

क्लिपमध्ये लंगोटावर हाफ चड्डी चढवलेला एक तरणा पैलवान अनिरुद्धच्या कमरेला मिठी मारतो, त्याला उचलतो आणि पाठीवर आदळतो. दोन्ही खांदे जमिनीला लागतात. आखाड्यात इथं कुस्ती संपते. हलगी कडाडते, लोक उठून उभे राहतात. पैलवान अनिरुद्धला सोडून देतो. मॅटला हात लावून तो कपाळाला लावतो, तांबडी माती असावी तसा. मग दोन्ही हात वर करून लोकांना नमस्कार करत फेरी मारायला निघतो. इथले नियम वेगळे आहेत, हे त्याला आधी समजावून सांगितलेलं होतं, त्यानं मानही डोलावली होती. पण पाठ टेकलेल्या माणसाला धरून ठेवायचं असतं, हे त्याच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. त्याच्या मागं अनिरुद्ध उठतो. धप. पैलवान तोंडावर पडतो, हात अजून नमस्काराचेच. कुणीतरी या सगळ्याला सनई लावली होती आणि शेवटी बकरीचा आवाज घातला होता.

हॉटेल हसून लोटपोट झालं. उमाशंकरला ठसका लागला. सर्वांत मोठा कोण, यावर दोघांचं कधी जमलं नव्हतं. सर्वांत मोठा बावळट कोण, यावर मात्र जमलं.

अर्पिता हसली नाही. तिनं फोनकडं बघितलं, मग बापाकडं. रेवणप्पा हात पुसत तिच्यापाशी आला. हा दिवस कधीतरी येणार, हे त्याला माहीत होतं, आणि त्या दिवशी काय बोलायचं तेही त्यानं किती वेळा घोकून ठेवलं होतं. आयत्या वेळी एवढंच तोंडातून निघालं.

"त्याची पाठ बघ, पोरी. टेकली का न्हाय?"

"मामा, पाठ टेकून कुणी मरत न्हाय," बसवेश म्हणाला. "मागं बघाया पायजे हुतं."

रेवणप्पानं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. त्याला एकाच माणसाचं उत्तर हवं होतं.

"टेकली, अप्पा," अर्पिता म्हणाली. "दोन्ही खांदे टेकले."

रेवणप्पाचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत निकाल कुणी दिलाच नव्हता, तो आज पोरीनं दिला. त्याला वाटलं, तिला जवळ घ्यावं. पण माणसं होती, आणि दूध वर येत होतं. तो शेगडीकडं गेला, आच कमी केली आणि सगळ्यांकडं पाठ करून निवांत आलं ठेचायला लागला.

मागं कुणीतरी क्लिप पुन्हा लावली. सनई वाजली. धप. बकरी ओरडली आणि पुन्हा हशा पिकला. त्यात एक हसू दाबलेलं होतं, तोंडावर ओढणी धरून हसताना येतं तसं. बाकीचे आवाज सगळे पुरुषांचे होते.

रेवणप्पानं याही वेळी मागं वळून बघितलं नाही.