'टेस्टी'चा शेरा

बिस्किटांच्या कारखान्यात माल चाखणाऱ्या चवकाकांनी 'टेस्टी' असा शेरा मारल्याशिवाय एकही घाणा बाहेर जात नसे, आणि तो शेरा मिळवताना भट्टीवाले रडकुंडीला येत. मग सर्दीनं काकांच्या जिभेची चवच गेली. नोकरी जाईल या धास्तीनं ते गप्प राहिले आणि समोर येईल त्यावर 'टेस्टी' लिहीत सुटले.

महिन्याभरानं मालकांनी बोलावून एक बिस्कीट पुढं केलं.

"वा, टेस्टी!"

"अहो काका, यात साखरेच्या जागी मीठ पडलंय!"

काकांनी हात जोडले. "चुकलो साहेब. महिनाभर मला चवच कळत नाहीये हो."



"कळत होती तेव्हा अर्धा माल परत पाठवायचात! पगार वाढवतो, पण खबरदार औषध घेतलंत तर!"