देवीपुढचं पांढरं फूल

फुलाची बाहेरची चार हिरवी दलं टोकाशी एकमेकांना घट्ट भिडली होती. उशिरा आलेली एक मधमाशी वरून फेऱ्या घालून निघून गेली. प्रमोदिनीनं मान वाकडी करून पाहिलं. कुठेही फट नव्हती.

"मिटलंय," नैवेद्याचं ताट ठेवत अण्णा म्हणाले. "देवीच्या मनात दिसत नाही. पुढच्या शुक्रवारी पाहू."

हा तिसरा शुक्रवार. प्रमोदिनी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि पाचगणीच्या एका मुलींच्या शाळेनं तिला दिवाळीनंतर शिकवायला बोलावलं होतं. दिवाळी तोंडावर आली होती. बोलावणं तिनं वडिलांपुढे ठेवलं. "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा." अण्णांनी ते देवीपुढे ठेवलं. दुपारच्या नैवेद्याला पाण्याच्या तसराळ्यातलं फूल उमललेलं असेल तर जायचं, मिटलेलं असेल तर थांबायचं, असा कौल.

गंमत अशी, की फूल पांढऱ्या कुमुदाचं. ते संध्याकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. भर दुपारी ते ब्रह्मदेवाच्या बापालाही उघडता आलं नसतं. प्रमोदिनीला हे पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं, पण ती बोलली नाही. वाईच्या त्या घरात दोघंच. ती गेल्यावर अण्णा आमटीला फोडणी तरी कशी देणार होते? मिटलेलं फूल पाहून तिला क्षणभर हायसंच वाटलं. मग दिवसभर तिनं भांडी आपटली.

फुलं आणि भाजी घेऊन राहीबाई यायची. तिलाही आता या कौलाचा कंटाळा आला होता.

"आवं ताई, देवीला तरी किती येळा इचारायचं? माझा केरबा पलटणीत निघाला, तवा दारात हुबा ऱ्हाऊन म्हनला, 'आये, मी चाललो.' झालं. कौल न्हाई, फूल न्हाई. लढाईला पार इटालीला जाऊन परत बी आला."

"राहीबाई, तळ्यात निळी फुलंही आहेत ना?"

"हायती की."

"शुक्रवारी निळं आणा. आणि कुठं बोलू नका."

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

शुक्रवारी दुपारी तसराळ्यात निळं फूल लख्ख उमललं होतं. मधली पिवळी केसरं देवीच्या समईसारखी दिसत होती. अण्णांनी नैवेद्य दाखवला आणि फुलाकडे बराच वेळ पाहिलं.

"हे नीलोत्पल," ते म्हणाले. "हे दिवसा उमलतं."

प्रमोदिनीचे कान तापले. "तुम्हाला माहीत आहे?"

"जन्मभर संस्कृत शिकवलं, बाई. चंद्र आला की कुमुद हसतं, सूर्य आला की तोंड मिटतं. कवींनी आम्हाला दुसरं काही वाचूच दिलं नाही."

"म्हणजे ती पांढरी फुलं..."

"मीच सांगितलं होतं राहीबाईला. पांढरंच आण म्हणून." अण्णा उपरण्यानं चष्मा पुसू लागले. तो स्वच्छच होता. "नाही म्हणायला जीभ रेटेना. हो म्हणायलाही रेटेना. म्हटलं, पोरगी शास्त्र शिकलीय, पहिल्याच दिवशी भांडेल. तर तूही गप्प! तू माझ्यावर टाकलंस, मी देवीवर टाकलं. आता तिनं कुणावर टाकायचं, सांग."

प्रमोदिनीला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं तसराळं उचलून कोनाड्यात सरकवलं. मग देवघराच्या दारात जाऊन, दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "मी पाचगणीला जाणार."