बोटी बंद

परदेशात लेकाकडे आलेल्या सासूबाईंना बेट दाखवायला सून धक्क्यावर घेऊन आली. दोघींनीच कुठे जायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सकाळपासून दोघी जरा जास्तच गोड बोलत होत्या. येऊन पाहतात तर वादळामुळे सगळ्या बोटी बंद.

"तुम्ही किती हौसेनं निघाला होतात, आई," सून हिरमुसून म्हणाली.

सासूबाई उसळणाऱ्या लाटांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मला पाण्याची भारी भीती वाटते. तुझा विरस नको म्हणून आले."

सुनेचा चेहरा एकदम खुलला. "अहो, मला तर बोट लागते! उलटीची गोळी खाऊन निघालेय मी, तुमच्या हौसेसाठी!"

दोघींना हसू आवरेना. शेजारच्या कॉफीच्या दुकानात खिडकीजवळची जागा पकडून त्या बसल्या आणि गप्पा अशा रंगल्या की कॉफी गार झाली.

दुपारी लेकाचा फोन आला. "बोटी बंद आहेत म्हणे? दिवस फुकटच गेला की! न्यायला येऊ?"

"इतक्यात नको रे," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे आम्ही तुझ्या विषयावर आलोय."