शाळेमागची मोकळी जागा

बस पोरी, हितं सावलीला बस. गड्यांनी काढून दिलेला तो कागद गुंडाळून ठेव अन् आधी पाणी पी. तुझ्यासारखीच एक बाई मागं या गावात नकाशा काढाया आलती. तिची गोष्ट सांगते, ऐक. मंग तुला काय लिहायचं ते लिही.

शैलजाबाई तिचं नाव. अंबाजोगाईला कॉलेजात शिकवायची. साल दुष्काळाचं. घाटनांदूरच्या येस्टीतून उतरली ती थेट शाळेत गेली. या गावच्या पोरी शाळा कावून सोडतात, ते तिला हुडकायचं होतं.

फारम भरून घेणारी न्हवती ती. चुलीपाशी बसायची, वाकडी का होईना भाकर थापायची, बायकांचं बोलणं ऐकायची.

"बाई, तुमचं काम कवा सुरू व्हायचं?" कुणीतरी इचारलं.

"हेच काम आहे माझं."

"मंग लई सुखाची नोकरी हाय बाई! आमाला बी लावा."

अशा सगळ्या मोकळ्या बोलायच्या. एक नाव निघालं की गप. आसाराम.

आसाराम सोसायटीचा सेक्रेटरी. बाई आली त्याच्या आधीच्या दुष्काळात टँकर सोसायटीकडं होता, अन् टँकरच्या तोटीची चावी आसारामकडं. कुणाची घागर भरंल अन् कुणाची न्हाई, ते त्याच्या मनावर. तरण्या पोरींना तो मागं थांबवून घ्यायचा. चेअरमन राधाकिशनचं अन् त्याचं एकदा सोसायटीच्या दारात जुंपलं. "जित्ता गाडीन बे तुला!" राधाकिशन वरडला. साऱ्या गावानं ऐकलं. त्याच आठवड्यात आसाराम नाहीसा झाला. कुणी म्हणलं, उसाच्या ट्रकात बसून कर्नाटकात गेला. गावच्या बायका तवा रोजगार हमीवर होत्या, शाळेच्या वरल्या अंगाला तलाव खांदत होत्या. दिवसभर डोक्यावर मातीचं टोपलं. त्यांना कुठली आली सवड, आसाराम कुठं गेला म्हणून बघायला?

एवढंच शैलजाबाईला कळलं. पण तिनं इचारपूस केली तसा राधाकिशनचा माणूस म्हाळू तिच्या मागं मागं फिराया लागला. एक दिवस वाटंत आडवा झाला.

"चेअरमनचा निरोप हाय. काम उरका अन् जावा. हितं लई दिवस ऱ्हाणं बरं न्हाई."

"का? कुणाला त्रास होतोय माझा?"

म्हाळूनं मागं बघितलं, पुढं बघितलं. "मी निसता निरोप्या हाय बाई," म्हणला अन् झपाझपा गेला.

तवापासून ती भर दिवसा बी दाराला कडी घालाया लागली.

मंग तिनं नकाशे काढायचं ठरवलं. बायकांचा येगळा, गड्यांचा येगळा. म्हणायची, दोघांचं गाव एक नसतं.

बायकांनी शाळेच्या अंगणात रांगोळीनं गाव काढलं. "पोरी पाण्यापायी शाळा सोडतात. तर पाण्याच्या सगळ्या जागा दाखवा," बाई म्हणली, "आटलेल्या, बुजलेल्यासुद्धा." बायकांनी काय सोडलं न्हाई. हापसे, मोडका हापसा, नदीतले झिरे, गुरांचा हौद, कुठल्या बांधाला पाझर फुटतो ते बी.

"नवऱ्याचं तोंड इसरू बाई, पाण्याची जागा इसरणार न्हाई," भिवराबाई म्हणली. साऱ्या हसल्या. आसारामची बायको छबुबाई बी हसली. कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावायची ती.

शाळेच्या मागं तेवढी जागा मोकळी ऱ्हायली. साऱ्या वाटा तिला वळसा घालून गेलेल्या.

"इथं काय आहे?"

हसणं थांबलं.

"काय न्हाई. बोराटीचं काटवण हाय," छबुबाई म्हणली.

दुसऱ्या दिवशी गड्यांनी पारापाशी राखेनं गाव काढलं. वीटभट्टीवर परळीच्या वीजकेंद्राची राख येती ना, ती. देऊळ काढलं, सोसायटी काढली, ज्यानं त्यानं आपला बांध दोन बोटं पुढं सरकवून काढला. अन् शाळेच्या मागं म्हाताऱ्या धोंडीराम आप्पानं एक गोल काढला. "ही थोरली हीर. मागच्या दुष्काळात आटली, मंग तलावाच्या मातीनं बुजली."

बाजूला उभ्या राधाकिशनचं तोंड पांढरं पडलं. तो पायानं गोल पुसाया गेला. बाईनं हात आडवा घातला.

तिनं मनाशी जुळवलं. बायकांनी बघितलंय, अन् या माणसाच्या भ्यानं तोंडं शिवून बसल्यात.

ती तशीच छबुबाईच्या घरी गेली. तिचा हात हातात घेतला. "घाबरू नका. त्या विहिरीत कोण आहे ते मला कळलंय. तुमचं नाव कुठंच येणार नाही. मी आजच ठाण्यात जाते. राधाकिशन सुटणार नाही."

छबुबाईनं हात सोडवून घेतला.

"अन् ते हीर उकरतील?"

"उकरावीच लागेल."

"बसा बाई," छबुबाई उठली. "बाकीच्यांना बोलवून आणते."

ती गेली अन् दारात राधाकिशन. धापा टाकत होता. "उठा बाई. फाट्यावर येस्टी थांबवून ठिवलीया. आत्ताच्या आत्ता चला."

बाई मागं सरकली. "मी येणार नाही."

राधाकिशन वाकला. चेअरमन माणूस, तिच्या पायाला हात लावला. "पाया पडतो, पण चला."

तवा तिनं बघितलं. तो तिच्याकडं बघतच न्हवता. त्याची नजर गल्लीच्या तोंडाला होती. तिकडून बायका येत होत्या. डोक्यावर रिकामी टोपली.

बाई तशीच येस्टीनं गेली. चपला बी हितंच ऱ्हायल्या तिच्या.

आता उघड तुझा कागद. शाळेच्या मागं गड्यांनी गोल काढलाय ना? तेवढा पूस, पोरी. आमची टोपली अजून हायेत.